शाळा हे ट्रीटीतलं वचन आहे, आणि ते आपल्यालाही लागू होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या ऑनलाइन आवृत्तीत मध्यंतरी परदेशातल्या वाचकांची पत्रं आली होती, त्यात कॅनडातल्या एका पालकांनी लिहिलं होतं की इथल्या शाळेत गणित कमी आणि "त्या लोकांचा इतिहास", म्हणजे इथल्या मूळ निवासींचा, जास्त शिकवतात, आपण तर काल-परवा इथे आलो, आपल्या मुलांचा त्याच्याशी काय संबंध. मी सस्कॅचवन प्रांतात रेजायनाला राहते, इथेच बी.एड. करतेय आणि लवकरच स्वतःच्या वर्गावर उभी राहीन. हाच प्रश्न मला इथल्या मराठी घरांमध्येही ऐकू येतो, गणपतीच्या जेवणाला, मुलांच्या बर्थडेला, कुणीतरी सहज विचारतं आणि बाकीचे माना डोलावतात. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, पत्र लांबलं तर काटछाट करा पण मुद्दा ठेवा. मुद्दा असा की संबंध आहे, अगदी सरळ आहे, आणि ज्या शाळेत आपण आपली मुलं बिनधास्त पाठवतो ती शाळाच त्या इतिहासाचा भाग आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिकडच्या वाचकांना हे माहीत असायचं काही कारण नाही. हडसन्स बे कंपनी ही इकडची मोठी फर व्यापारी कंपनी, जवळजवळ आपल्याकडच्या ईस्ट इंडिया कंपनीसारखीच इंग्लंडच्या राजाची सनद घेऊन बसलेली. 1870 मध्ये या कंपनीने अफाट प्रदेशावरचा आपला हक्क कॅनडा सरकारला दिला आणि त्याचे 3 लाख पौंड मिळाले. ज्यांची ती जमीन, त्या क्री, सोटो, नाकोडा लोकांना कुणी विचारलंच नाही. मग चार वर्षांनी, सप्टेंबर 1874 मध्ये, राणीच्या सरकारतर्फे लेफ्टनंट गव्हर्नर अलेक्झांडर मॉरिस फोर्ट कपेलला आले, रेजायनापासून तासाभराच्या ड्राइव्हवर आहे ते, सुंदर दरी आहे, आणि तिथे बोलणी सुरू झाली. पहिले कित्येक दिवस बोलणी पुढेच सरकेनात, कारण चीफ लोकांचं, म्हणजे जमातींच्या प्रमुखांचं, म्हणणं होतं की आधी त्या कंपनीच्या पैशाचं बोला. पास्क्वा नावाच्या चीफने तिथे हजर असलेल्या कंपनीच्या माणसाकडे बोट दाखवून सांगितलं की तूच म्हणालास ना जमिनीचे एवढे पौंड मिळाले, ते पैसे आमचे आहेत, ते आम्हाला द्या. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण "बिचारे अडाणी, काय सही करतोय ते त्यांना कळलं नाही" अशी जी समजूत आपल्या मनात असते ती इथेच कोसळते. त्यांना व्यवहार नीट कळत होता. आणि त्यांची परिस्थितीही कठीण होती, कारण गवे झपाट्याने संपत चालले होते आणि सगळं जगणंच गव्यांवर होतं.

15 सप्टेंबर 1874 ला ट्रीटी 4, म्हणजे चौथ्या क्रमांकाचा तह, झाली. वर्षाला माणशी 5 डॉलर, चीफला 25, पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल राखीव जमीन, म्हणजे रिझर्व्ह, शेतीची अवजारं, बियाणं, गुरं, शिकार आणि मासेमारीचा हक्क. आणि आणखी एक कलम, जे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत परत वाचलं: लोक रिझर्व्हवर स्थिरावले आणि शिक्षकासाठी तयार झाले की राणी प्रत्येक रिझर्व्हमध्ये शाळा चालवेल.

शाळा. रिझर्व्हमध्ये. म्हणजे मूल सकाळी शाळेत जाईल आणि संध्याकाळी आईकडे परत येईल. त्या लोकांनी मुलांसाठी नवीन विद्या मागितली होती, स्वतःची विद्या सोडून देऊ असं कुठेही म्हटलं नव्हतं, दोन्ही हव्या होत्या त्यांना.

आणि मिळालं काय? दहा वर्षांत, 1884 ला, त्याच दरीत लेब्रेटला बोर्डिंगची इंडस्ट्रियल शाळा उघडली, रेजायनातही 1891 ला एक उघडली, आणि अशा शाळा देशभर झाल्या, पुढे रेसिडेन्शियल स्कूल म्हणून ओळखल्या गेल्या. मुलांना घरापासून लांब नेऊन ठेवायचं, केस कापायचे, आपल्या भाषेत बोललं की मारायचं, भावाला बहिणीशी बोलू द्यायचं नाही. 1920 पासून कायद्याने सक्ती, मूल पाठवलं नाही तर आईबापांवर कारवाई. साधारण दीड लाख मुलं या शाळांमधून गेली. सस्कॅचवनमधली पन्निची इथली गॉर्डन्स ही शेवटच्या काही शाळांपैकी एक, ती 1996 ला बंद झाली, म्हणजे माझ्या वयाच्या बायका त्या शाळेत होत्या, हा जुना इतिहास नाहीये. या शाळांची चौकशी करणाऱ्या ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनने 2015 च्या रिपोर्टमध्ये 3,200 मुलांच्या मृत्यूंची नोंद दिली आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश मुलांचं नावसुद्धा शाळेने किंवा सरकारने लिहून ठेवलेलं नव्हतं. हजेरीपटावर नाव घालणारी शाळा, आणि मूल मेलं तर नाव नाही! जून 2021 मध्ये आमच्याच प्रांतात कावेसेस फर्स्ट नेशनने (फर्स्ट नेशन म्हणजे मूळ निवासींची जमात) जुन्या मेरिव्हल शाळेच्या जागेवर 751 खुणा नसलेल्या कबरी असल्याचं जाहीर केलं, दफनभूमीत मोठी माणसंही असतील असंही त्यांनीच सांगितलं, पण ती बातमी आली त्या आठवड्यात इथे लोकांनी आपापल्या दाराबाहेर लहान मुलांचे बूट आणि टेडी ठेवले होते.

आता सांगा, जी बाई उद्या याच प्रदेशात वर्गावर उभी राहणार आहे ती हे न शिकवता कशी उभी राहील. मी शिक्षिका होणार म्हणजे मी त्या 1874 च्या कलमातली शिक्षिका होणार. दीडशे वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी जिची वाट बघितली आणि जिच्या जागी भलतंच काही आलं, ती. माझं हे म्हणणं कुणाला भावनिक वाटेल तर वाटू दे, मला ते कागदावर लिहिलेलं दिसतं.

सस्कॅचवनने 2007 मध्ये ट्रीटी एज्युकेशन बालवर्गापासून बारावीपर्यंत सक्तीचं केलं, देशात असं पहिल्यांदा झालं. त्यात नाती, ट्रीटीमागचा हेतू, ऐतिहासिक संदर्भ आणि वचनं असे चार धागे आहेत आणि ते सगळ्या विषयांतून न्यायचे असतात. लहान वर्गात तर तहाचं नावही फारसं येत नाही, तिथे वचन देणं म्हणजे काय, आपल्या घरी काय काय निसर्गातून येतं, हेच असतं. मोठ्या मुलांसाठी खरी चर्चा हेतूवर होते, आणि मला शिकवायला सगळ्यात जास्त तीच आवडणार आहे. कारण इंग्रजी कागदावर लिहिलंय की या लोकांनी जमीन कायमची सोडून दिली, आणि एल्डर्स, म्हणजे त्यांच्यातली जाणती वडीलधारी माणसं, पिढ्यानपिढ्या सांगत आलीत की आम्ही जमीन वाटून घ्यायला कबूल झालो, तीही नांगराचा फाळ जातो तेवढ्या खोलीपर्यंत, शेतीपुरती. पाइप ओढून, सूर्य आहे, गवत उगवतंय, नद्या वाहताहेत तोपर्यंतची शपथ घेतली होती, त्यांच्या दृष्टीने ती शपथ म्हणजेच करार, कागद नंतरचा. आठवीच्या मुलांसमोर हे दोन्ही ठेवायचं आणि विचारायचं, दोन माणसं एकाच दिवशी एकाच तंबूत बसून वेगवेगळं समजून उठली तर आता काय करायचं? मुलं यावर जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं, प्रॅक्टिकमला, म्हणजे बी.एड.च्या पाठांच्या सरावाला, मी बघितलंय, गणितात मागे पडणारी मुलंसुद्धा इथे हात वर करतात.

चीफ पास्क्वाने या ट्रीटीचं स्वतः काढलेलं चित्र आहे, दोन पानांचं, एका पानावर बोलणी आणि दुसऱ्यावर वचनातला माल किती आला त्याचा हिशोब. ते शंभरहून जास्त वर्षं इंग्लंडात होतं, 2007 ला परत आणलं आणि आता रेजायनाच्या रॉयल सस्कॅचवन म्युझियमकडे आहे. लिहिता न येणाऱ्या माणसाने पक्का हिशोब ठेवलाय! ज्या पालकांना वाटतं की या विषयात गणित नाही त्यांनी ते जरूर बघावं.

कराराच्या नंतर जे झालं तेही शिकवायला लागेल, त्याला इलाज नाही. 1876 चा इंडियन अ‍ॅक्ट (इथे मूळ निवासींनाच तेव्हा "इंडियन" म्हणत), म्हणजे ज्यांच्याशी बरोबरीने तह केला त्यांनाच सरकारचे पाल्य करून टाकलं. 1885 च्या इथल्या उठावानंतर रिझर्व्हबाहेर जायला सरकारी एजंटच्या सहीचा पास, आणि हा पास कुठल्याही कायद्यात नव्हता, नुसत्या हुकमावर कित्येक वर्षं चालवला. स्वतःच्या शेतातला गहू विकायला परमिट. 1927 ते 1951 जमिनीच्या हक्कासाठी वकील करायला पैसे गोळा करणं हाच गुन्हा. देशाच्या निवडणुकीत आपला "इंडियन" म्हणून असलेला कायदेशीर दर्जा न सोडता मत द्यायचा हक्क 1960 ला. आपल्या घरांमध्ये जे सर्रास बोललं जातं ना, "यांना सगळं फुकट मिळतं तरी हे मागेच", त्या माणसांनी ही यादी एकदा वाचावी. फुकटचं म्हणाल तर 1874 ला ठरलेले 5 डॉलर आजही 5 डॉलरच आहेत, दीडशे वर्षांत एक सेंट वाढलेला नाही, आणि रिझर्व्हबाहेर नोकरी करणाऱ्याला इन्कम टॅक्स आपल्यासारखाच भरावा लागतो. मराठी आई-वडील मुलांसमोर असली वाक्यं टाकतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात एखाद्या क्री मुलीच्या शेजारी बसतं आणि ते वाक्य तिला ऐकवतं, आणि ते निस्तरायला मग शिक्षक.

इन्क्लूजनबद्दलही, म्हणजे प्रत्येक मुलाला वर्गात सामावून घेण्याबद्दल, थोडं लिहायचंय, कारण लोक तो वेगळाच विषय समजतात, अपंग मुलांसाठी रॅम्प बांधला, एक मदतनीस दिली, झालं. मला हे दोन विषय वेगळे करता येत नाहीत आणि त्याचं कारण जॉर्डन. जॉर्डन रिव्हर अँडरसन, मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस क्री नेशनचा मुलगा, 1999 ला जन्माला आला तोच गुंतागुंतीचं आजारपण घेऊन, त्यामुळे जन्मापासून विनिपेगच्या हॉस्पिटलमध्ये होता. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टर म्हणाले आता घरी राहू शकतो, योग्य व्यवस्था असलेलं घर हवं. आणि केंद्र सरकार आणि प्रांत सरकार यांच्यात भांडण सुरू झालं की या घरच्या सोयीचा खर्च कुणी करायचा, कारण मूल फर्स्ट नेशनचं. प्रत्येक गोष्टीवर वाद. मूल दोन वर्षांहून जास्त काळ विनाकारण हॉस्पिटलमध्ये पडून राहिलं आणि 2005 मध्ये पाच वर्षांचं असताना तिथेच गेलं, एक दिवसही घरात राहायला मिळालं नाही त्याला. 2007 ला संसदेने त्याच्या नावाचं तत्त्व एकमताने मंजूर केलं, जॉर्डन्स प्रिन्सिपल, आधी मुलाला हवं ते द्या, बिलाचं भांडण मागाहून करा. आणि मग ते नीट लागू व्हायलाही 2016 ला मानवाधिकार न्यायाधिकरणाला सरकारविरुद्ध निकाल द्यावा लागला.

आधी मूल, बाकी सगळं नंतर. माझं इन्क्लूजन म्हणजे एवढंच आहे आणि ते मी जॉर्डनच्या घरच्यांकडून घेतलंय, कुठल्या टेक्स्टबुकातून नाही. ज्या मुलाला ऑटिझम आहे, जे मूल युक्रेनहून आलंय आणि अजून इंग्रजीत बोलत नाही, जी मुलगी आजीकडे राहते आणि सकाळी कायम उशिरा येते, या सगळ्यांनी आधी "फिट" व्हायचं आणि मग वर्गात जागा मिळवायची, असं नसतं. जागा त्यांची आहेच, वर्ग मी बदलायचा. कुणी म्हणेल तीस मुलांच्या वर्गात हे जमत नाही. दमायला होतं हे खरं आहे, मदतनीस कमी आहेत, फंडिंगवरून इथले शिक्षक सरकारशी भांडत असतात आणि त्यांचं भांडण अगदी रास्त आहे. पण दमायला होतं म्हणून मूल बाहेर काढायचं ही पद्धत या प्रदेशाने आधी खूप केलीये.

नात्यांचं म्हणाल तर इथले एल्डर्स सांगतात की तह झाला तेव्हा राणीची माणसं नातेवाईक झाली, पाहुणे किंवा गिऱ्हाईक नाही. नातं म्हटलं की दोन्हीकडून निभवावं लागतं. वर्गात मला ते असं दिसतं: नाव नीट उच्चारायचं, जमेपर्यंत विचारायचं, सोपं करून घ्यायचं नाही, कारण ज्या शाळांनी मुलांना नंबर दिले त्यांच्या नंतरची शाळा आहे ही. घरी पहिला फोन तक्रारीचा नसावा. शाळेच्या इमारतीत पाय ठेवायला घाबरणारी आजी असेल तर ती का घाबरते हे मला माहीत असायला हवं, आणि मीटिंग बाहेर टिम हॉर्टन्ससारख्या कॉफीच्या दुकानात घ्यायला हवी. एखाद्या एल्डरला वर्गात बोलवायचं तर ईमेल टाकून भागत नाही, भेटायला जायचं, तंबाखू अर्पण करून विनंती करायची, हा इथला रिवाज आहे, आपल्याकडे सुपारी ठेवून आमंत्रण द्यायचो तसा मान आहे त्यात. उलट तपासणीसारखे प्रश्न विचारून एखाद्या फर्स्ट नेशनच्या मुलाला सगळ्या वर्गासमोर "तू सांग तुमच्यात काय करतात" असं करायचं नाही, तो आठवीतला पोरगा आहे, जमातीचा प्रवक्ता नाही.

सस्कॅचवनमध्ये साधारण 17 टक्के लोक मूळ निवासी आहेत आणि मुलांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त आहे. रेजायनातच फर्स्ट नेशन्स युनिव्हर्सिटी आहे, 1976 पासूनची. क्री भाषा शिकवणाऱ्या शाळा आहेत. म्हणजे मी ज्या लोकांबद्दल लिहितेय ते फक्त दुःखाच्या गोष्टीतले लोक नाहीत, ते माझे प्राध्यापक आहेत, वर्गमैत्रिणी आहेत, आणि चांगली शिक्षिका कशी असते हे मी ज्यांच्याकडे बघून शिकतेय त्यातल्या अर्ध्या तरी त्याच आहेत.

राहिला आपल्या संबंधाचा प्रश्न. आपण 1874 ला इथे नव्हतो हे बरोबर. पण आपण ज्या घराचं मॉर्गेज भरतो ते ट्रीटी 4 च्या जमिनीवर आहे, आणि ट्रीटी झाली नसती तर रेल्वे नाही, रेजायना नाही, आपला पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, नाही. त्या कराराचा फायदा आपण रोज घेतोय, म्हणून इथे म्हणतात की आपण सगळेच ट्रीटीचे लोक. आणि आता तर हे तोंडी राहिलेलं नाही. जून 2021 पासून कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ बदलली, कमिशनची 94 वी शिफारस तीच होती, आणि त्यात फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या तिन्ही मूळ निवासी समाजांचे मूळचे आणि ट्रीटीतले हक्क मानायचं वचन आलं. आपले कितीतरी लोक छान साडी नेसून, कुर्ता घालून ती शपथ घेतात, फोटो टाकतात, पेढे वाटतात. ज्या हक्कांची शपथ आपण हात वर करून घेतली ते हक्क आपल्या मुलाला शाळेत शिकवले तर तक्रार कसली? आपण गुन्हेगार आहोत असं कुणी मुलांना शिकवत नाही, निदान मी शिकवणार नाही. आपण वचनातले आहोत, एवढं शिकवणार.

तुमच्याकडे विनंती एकच, कॅनडाला निघालेल्यांसाठी तुम्ही व्हिसा, कॉलेजची फी, थंडीचे कपडे यावर पुरवण्या काढता, त्यात अर्धं पान या विषयाला द्या. आणि या भागातल्या मराठी कुटुंबांना सांगायचंय की दर सप्टेंबरला फोर्ट कपेलला ट्रीटी 4 चं गॅदरिंग भरतं, तिथे मुलांना घेऊन जा. 30 सप्टेंबरला ऑरेंज शर्ट डे असतो, रेसिडेन्शियल शाळांतल्या मुलांच्या आठवणीत नारिंगी शर्ट घालायचा दिवस, शाळेतून नोटीस येईल, नुसता दुकानातून शर्ट आणून देऊ नका, आदल्या रात्री मुलाला शेजारी बसवून तो का घालायचा ते तुमच्या तोंडून सांगा, मराठीतून सांगा. माझ्या वर्गात तुमचं मूल आलं तर पुढचं मी बघेन.

आपली,
एक वाचक आणि होऊ घातलेली शिक्षिका
रेजायना, ट्रीटी 4 प्रदेश